वर्षभराचं गणित: खानदेशातल्या दोन शिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचं नियोजन

शाळा उघडायच्या आठवड्यात बहुतेक वार्षिक नियोजनं एकाच पद्धतीने तयार होतात. पुस्तकाची अनुक्रमणिका उघडायची, पाठ मोजायचे, महिन्यांत वाटायचे, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. पोळा येईपर्यंत वर्ग एकीकडे आणि नियोजन दुसरीकडे गेलेलं असतं. पानं वाटून नियोजन होत नाही. वर्गात मुलं किती दिवस बसतात आणि कोणत्या दिवसांत बसतात, यावर ते उभं करावं लागतं. पारोळा-अमळनेरकडच्या कापसाच्या गावात, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि धडगावच्या डोंगरात हे दिवस तीन तऱ्हेचे असतात. छापील नियोजनात मात्र तिन्ही गावांचं वर्ष सारखंच दिसतं.

खालचे आकडे तिसरीसाठी काढलेले आहेत. तुमच्या शाळेत ते थोडे पुढेमागे होतील, रीत तीच राहील. पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून घटकांची नावं या वर्षीच्या पुस्तकाशी पडताळून घ्या.

आधी तासिका मोजा

शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास मागतो. शाळेच्या दिनदर्शिकेवर दिवस साधारण २२० भरतात असं धरू. गणिताला रोज एक तासिका, म्हणजे कागदावर २२० तासिका. आता त्यातून वजा करत जा.

दोन्ही संकलित चाचण्या आणि पेपर तपासणीचे दिवस: १२.
स्वातंत्र्यदिन, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल आणि त्यांची तयारी: १०.
प्रशिक्षण, शिक्षण परिषद, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, कुठलं ना कुठलं सर्वेक्षण: १२.
शाळा चालू, पण वर्ग अर्धा रिकामा असे दिवस: १४.

उरल्या १७२. जूनमधल्या पडताळणीला १२ काढा, १६० राहिल्या. उजळणीला आणि मागे पडलेल्या मुलांना ३० राखून ठेवा. नवीन शिकवायला हातात १३० तासिका आहेत. हा आकडा एकदा समोर आला की पाठ वाटताना हात आपोआप आखडतो.

उजळणीच्या ३० तासिका एप्रिलसाठी साठवू नका. निम्म्या पहिल्या सत्रात घाला, जवळपास दर शनिवारी एक या हिशोबाने. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ च्या घरात असतो. सकाळची शाळा असली तरी दहा वाजल्यानंतर मुलांच्या डोक्यात काही उतरत नाही.

मागच्या वर्षीचं नियोजन तसंच उतरवू नका. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. पहिलं सत्र अडीच आठवड्यांनी लांबलं, म्हणजे गणिताच्या जवळपास १५ तासिका या बाजूच्या त्या बाजूला गेल्या. होळीही अशीच मागेपुढे होते. पहिलं सत्र पेनाने लिहा, दुसरं पेन्सिलीने.

मग हजेरीपट उघडा

मागच्या वर्षीचा हजेरीपट घ्या आणि आठवड्यावार सरासरी हजेरी काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सगळ्या नियोजनातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. ज्या आठवड्यात हजेरी ७० टक्क्यांखाली गेली, त्यावर लाल खूण करा. चित्र साधारण असं दिसेल: श्रावणात कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार, पोळा, गणपतीतले दोन-तीन दिवस असे सुटे खड्डे. मोठा खड्डा कापूस वेचणीचा. बागायती पट्ट्यात वेचणी दसऱ्याच्या आसपासच जोरात असते, कोरडवाहू गावात दिवाळीनंतर. मोठी भावंडं वेचणीला जातात आणि तिसरीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी थांबते. सारंगखेड्याच्या आसपास दत्तजयंतीच्या यात्रेचे दिवस धरा. सातपुड्यात होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजारांचा आठवडा आणि होळीनंतरचे चार दिवस शाळा जवळपास रिकामी. केळीपट्ट्यात मजुरी बारमाही असल्याने मोठा खड्डा दिसत नाही, तिथे रोज दोन-चार मुलं आळीपाळीने गैरहजर असतात. त्याचा उपाय वेगळा, तो पुढे येईल.

साखळीचे घटक आणि सुटे घटक

गणिताच्या घटकांच्या दोन जाती आहेत. स्थानिक किंमत, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक हे साखळीचे. यातली एक कडी निसटली की पुढचं काही कळत नाही. लांबी-वजन-धारकता, आकार, चित्रालेख, घड्याळ, दिनदर्शिका, नाणी-नोटा हे सुटे. यातली दोन तासिका चुकलेलं मूल तिसऱ्या तासिकेला शेजारच्याच्या मदतीने पुन्हा गाडीत बसू शकतं.

लाल खुणेच्या आठवड्यांत सुटे घटक ठेवा, भरल्या वर्गाच्या आठवड्यांत साखळीचे. पुस्तकात पाठ ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने शिकवले पाहिजेत, अशी सक्ती नाही. वर्षअखेरीस अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं ते) पूर्ण व्हायला हव्यात. कोणी विचारलंच तर हजेरीचा तक्ता दाखवा.

या हिशोबाने तिसरीच्या १३० तासिका अशा बसतात. दिवाळीपर्यंत ५४: स्थानिक किंमत १८, बेरीज १०, वजाबाकी २०, आणि गुणाकाराची नुसती सुरुवात ६. दिवाळीनंतर वेचणीच्या चार आठवड्यांत २२: मापन १४, आकार आणि चित्रालेख ८. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर, थंडीचे आणि चांगल्या हजेरीचे दिवस, ४४: गुणाकार १८, भागाकार १६, अपूर्णांक १०. होळीच्या आगेमागे १०: नाणी-नोटा ४, कालमापन ६. त्यानंतर उजळणीच्या उरलेल्या तासिका आणि दुसरी संकलित चाचणी.

वजाबाकीला २० आणि बेरजेला १० हे पाहून भुवया उंचावतील. उलट करून पाहिलंत तर जानेवारीत भागाकार शिकवताना वजाबाकीसाठी पुन्हा मागे फिरावं लागेल. नाणी-नोटा भोंगऱ्याच्या आधी संपवा. मूल बाजारात जाणारच आहे, पन्नासच्या नोटेतून किती परत यायला हवेत हे शिकून गेलेलं बरं. घड्याळ सकाळची शाळा सुरू होते त्या आठवड्यात घ्या: शाळेची वेळ बदलली, सुट्टीची बदलली, खिचडीची बदलली. अख्खा पाठ आयता मिळतो.

साहित्य जुलैच्या आत

विकतचा गणित पेटीचा संच असला तर उत्तम, पण तो एक असतो आणि गट सहा. २४ मुलांच्या वर्गात चार-चारचे सहा गट धरा. प्रत्येक गटाला दहाचे १२ गठ्ठे आणि २० सुट्या काड्या लागतात, म्हणजे १४० काड्या. सहा गटांना ८४०. हजार करून ठेवा, हरवतात.

काडी तुरीची घ्या. तुऱ्हाटी सरळ असते, पेन्सिलीपेक्षा बारीक तुकडे निवडून दहा-दहा सेंटिमीटरवर कापता येतात. पऱ्हाटी (कापसाची काडी) गावात ढिगाने मिळते, पण ती वाकडी, फाटे फुटलेली आणि हाताला बोचणारी. शिवाय जुन्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते. ती साठवू नका असं शेतकऱ्यांना सांगितलं जात असताना शाळेच्या कपाटात भरून ठेवण्यात अर्थ नाही. गठ्ठे बांधायला सायकलची जुनी ट्यूब आडवी कापून चार-चार मिलिमीटरच्या रिंगा करा. शंभर रिंगांना ४० सेंटिमीटर ट्यूब पुरते. दुकानातली बारीक रबरं उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, ट्यूबची रिंग दोन वर्षं जाते.

बाकी यादी छोटी आहे: गटाला १०० चिंचोके, एक किलो वाळूच्या पिशव्या चार, एक लिटर, अर्धा लिटर आणि पाव लिटरच्या प्लास्टिक बाटल्या, दर दोन मुलांत एक मीटरची कागदी पट्टी. कागदी पट्टी मुलांकडूनच करून घ्या. करतानाच शून्य पट्टीच्या टोकाला आहे की आत, हा प्रश्न निघतो, आणि मोजण्यातली निम्मी चूक तिथेच असते.

जून: बारा तासिका कशासाठी

एकेका मुलाची तोंडी पडताळणी करा. लेखी चाचणीत बाकावरचा शेजारी उत्तर देतो. प्रत्येकाला सहा मिनिटं, रोज चार मुलं, सहा दिवसांत २४ मुलं. बाकीच्यांना तोवर काड्या कापणं, गठ्ठे बांधणं, चिंचोके मोजणं अशी कामं द्या. साहित्यही तयार होतं आणि कोण दहा-दहाने मोजतं, कोण एकेक मोजतं, हे न विचारता कळतं.

पडताळणीत एवढंच घ्या: ४७ काड्या पुढे टाकून "कितला शेतस?" (किती आहेत?) म्हणा. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न अहिराणीतच विचारा, पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला शेजारच्या मोठ्या मुलाच्या मदतीने. नाहीतर तुम्ही गणिताऐवजी मराठी तपासाल. मग सहा संख्या सांगून लिहायला लावा: ७, ३६, ६३, ५९, ७०, ९९. एक हातच्याची बेरीज, एक हातच्याची वजाबाकी, एक तोंडी शाब्दिक उदाहरण. निकालाचे तीनच गट पाडा: सुट्या काड्यांवर असलेले, गठ्ठ्यावर पोचलेले, कागदावर करणारे. हे गट नावं लिहून भिंतीवर लावू नका, तुमच्या वहीत ठेवा. दर सहा आठवड्यांनी ते बदलले पाहिजेत. नोव्हेंबरमध्येही तेच गट दिसत असतील तर दोष गटाचा नाही.

उरलेल्या सहा तासिकांत मागच्या इयत्तेचं जे सर्वांत जास्त मुलांना आलं नाही, तेवढंच घ्या. सगळं उजळायला गेलात तर जुलै संपतो.

३६ आणि ६३

सांगितलेली संख्या लिहिताना मुलं उलटी लिहितात, आणि आपण "लक्ष नाही" म्हणून मोकळे होतो. लक्ष अगदी नीट असतं. 'छत्तीस' या शब्दात सहाचा आवाज आधी येतो, तीसचा नंतर. ऐकलं तसं लिहिलं की ६३ होतं. मराठीत अकरापासून पुढे बहुतेक संख्या अशाच, एकक आधी. त्यावर कडी 'एकोण'ची. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं, म्हणून मूल ६९ लिहितं. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे कुणी सांगितलेलं नसतं. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि ९९ ला 'नव्व्याण्णव' येऊन मोडतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन जोडीला दिलं आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वाद बाजूला ठेवा. वर्गात त्याचा उपयोग शिडीसारखा आहे: संख्या सांगताना 'छत्तीस, तीस सहा' असं दोन्ही म्हणा, मूल लिहील, मग नुसतं 'छत्तीस'. दोन-तीन आठवड्यांत शिडी काढून घ्या. बाजारात, पाढ्यात, एसटीच्या तिकिटावर संख्या छत्तीसच राहणार.

रोज परिपाठानंतर पाच संख्यांचं श्रुतलेखन, जुलै-ऑगस्टभर. निवडताना जोड्या ठेवा: २७-७२, ४५-५४, ५९-६९, ७९-८९. प्रत्येक संख्या लिहिली की काड्यांत दाखवायची. ज्याने ६३ लिहिलं त्याच्याकडून सहा गठ्ठे उचलले जातात, आणि चूक तुम्ही न सांगता त्याच्या हातात वजनाने कळते.

तीन अंकी संख्यांत वेगळीच गंमत होते. 'चारशे तीन' सांगितलं की ४००३ लिहिलं जातं. मूल ऐकलेलं सगळं लिहितं, चारशे आणि मग तीन. शतक-दशक-एकक अशा तीन रकान्यांची पट्टी आखून रिकाम्या दशकाच्या जागी शून्य ठेवायची सवय लागेपर्यंत चार अंकी संख्यांना हात लावू नका. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या आहेत. पण ज्याला ४०३ लिहिता येत नाही, त्याला ४०३० शिकवण्यात गेलेल्या तासिका बुडाल्या म्हणायच्या.

वजाबाकीच्या वीस तासिका

५२ मधून २७. उत्तर येतं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन घालवले. ही चूक आपणच पेरलेली असते: बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना 'मोठ्यातून लहान घालवायचं' हे वाक्य आपण शंभरदा म्हणतो. ते वाक्य बंद करा. 'वरचे आहेत, त्यातून खालचे द्यायचे' म्हणा.

पहिल्या पाच तासिका वही बंद, फक्त काड्या. पाच गठ्ठे, दोन सुट्या. "सत्तावीस दे." दोनच सुट्या आहेत, म्हणून मूल आपणहून एका गठ्ठ्याची रिंग काढतं. रिंग काढल्याचा तो क्षण म्हणजेच हातचा. पुढच्या पाच तासिका काड्या आणि वही शेजारी-शेजारी: रिंग काढली की वहीत ५ खोडून ४, आणि एककावर १२. एक हालचाल, एक नोंद. एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल. दोन्ही कामं एकाच मुलाकडे दिलीत तर ते आधी वहीत उत्तर काढतं आणि काड्या नंतर शोभेला मांडतं.

त्यानंतर सहा तासिका नुसती वही. शेवटच्या चार मधल्या शून्यासाठी. ४०३ मधून १६८ घ्या. दोन प्रकारची चुकीची उत्तरं मिळतील. ३६५ आलं तर मूल अजून मोठ्यातून लहान घालवतंय, त्याला पहिल्या पाच तासिकांकडे परत न्या. २६५ आलं तर त्याने शतक थेट एककाकडे नेलं आणि दशकाच्या घरात शून्य तसंच ठेवलं. याला पहिल्यापासून शिकवायची गरज नाही. शंभराचा मोठा गठ्ठा सोडला की दहा दशक गठ्ठे मिळतात, त्यातला एक सोडला की दशकात नऊ राहतात, एवढं एकदा हाताने करू द्या. ३ शतक, ९ दशक, १३ एकक, उत्तर २३५. म्हणूनच शंभराचे दोन-तीन गठ्ठे आधीपासून बांधून ठेवा.

शाब्दिक उदाहरणांत 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती शिकवू नका. "रमेशकडे १५ शेळ्या आहेत. त्या गणेशच्या शेळ्यांपेक्षा ६ जास्त आहेत. गणेशकडे किती?" 'जास्त' पाहून मूल २१ लिहितं. आधी कोणाकडे जास्त आहेत ते बोटाने दाखवायचं, मग दोन रेघा ओढायच्या, एक लांब एक आखूड, आणि मगच आकडे. शुक्रवारची तासिका पूर्ण शाब्दिक उदाहरणांना ठेवा आणि तीनच उदाहरणं घ्या.

पाढे: पाठ किती करायचे?

दोनपासून नऊपर्यंतचे पाढे म्हणजे ६४ गुणाकार. तीन चोक बारा आणि चार त्रिक बारा हे एकच, असं चिंचोक्यांच्या ओळी फिरवून दाखवलं की उरतात ३६. दोनचे आणि पाचचे बहुतेकांना येतात, ते काढले की फक्त २१. या २१ ची चिठ्ठी प्रत्येकाच्या वहीत चिकटवा, पक्का झाला की खोडायचा. मुलांना संपत आलेली यादी आवडते.

क्रम २, ५, १०, मग ४, ३, ६, ९, ८, शेवटी ७. म्हणायला लावा, अवश्य लावा. 'बे एके बे' ची चाल ही आपली ठेव आहे. पण चालीत म्हटलेला पाढा साखळीत अडकतो: सात सख विचारलं की मूल सात एके सातपासून सुरू करतं. त्यामुळे चालीत म्हणून झालं की लगेच उलटसुलट दहा प्रश्न.

समान गटांसाठी उदाहरण निवडताना सांभाळा. केळीची फणी हाताशी असते म्हणून वापराविशी वाटते, पण एका फणीत पंधरा तर दुसरीत अठरा केळी, गट समान नाहीत आणि तिथे गुणाकार लागूच होत नाही. फणी बेरजेला आणि अंदाजाला चांगली. गुणाकाराला खाटेचे पाय, बैलगाडीची चाकं, पेनांची पाकिटं. वेचणी किलोला ८ रुपये दराने २४ किलोची मजुरी किती, हे उदाहरण कापसाच्या गावात पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा लवकर सुटतं, बहुधा तोंडी. मूल २० चे १६० आणि ४ चे ३२ असं फोडून १९२ म्हणतं. ती रीत फळ्यावर लिहा, उभी मांडणी त्यानंतर.

भागाकाराला वाटणी आणि गट पाडणं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तासिकांत द्या. २४ चिंचोके ६ जणांत वाटणं निराळं आणि २४ चे सहा-सहाचे ढीग करणं निराळं. चौथीत ६१८ ÷ ६ चं उत्तर १३ येतं, कारण दशकातल्या एकाला भाग जात नाही म्हणून मूल ती जागा सोडूनच देतं. भागाकार करण्याआधी उत्तर किती अंकी येईल ते लिहून तेवढी रिकामी घरं आखायला लावा. तिसरं घर रिकामं दिसलं की शून्य आठवतं.

अपूर्णांकाला भाषा आपल्या बाजूने आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे मुलाने किराणा दुकानात ऐकलेले असतात. पहिल्या दोन तासिका एवढ्याच शब्दांवर, बाटल्या आणि वाळूच्या पिशव्या घेऊन. चिन्ह तिसऱ्या तासिकेला. चिन्ह आलं की एक चूक ठरलेली: चार हा दोनपेक्षा मोठा, म्हणून पाव अर्ध्यापेक्षा मोठा. एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या दुमडून शेजारी ठेवल्या की ही चूक जाते. भाकरी घेऊ नका, ती बरोबर मधोमध कधी मोडत नाही, कळण्याच्या पिठाची तर नाहीच. केळंही नको, टोकाला निमुळतं होतं. समान भाग हा अपूर्णांकाचा पायाच आहे, तिथे अंदाजे चालत नाही.

मापनाला फार लिहिण्यासारखं नाही. आधी अंदाज, मग मोजणी, मग फरक, एवढा क्रम पाळला आणि प्रत्येक मुलाच्या हातात आळीपाळीने पट्टी दिली की चौदा तासिका पुरतात.

तिसरी-चौथी एका खोलीत

दोन इयत्तांना दोन वेगळे घटक शिकवायला गेलात तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धी तासिका येते. त्यापेक्षा घटक एक, संख्या वेगळ्या. तिसरी दोन-तीन अंकी वजाबाकी करते तेव्हा चौथी चार अंकी. पहिली पाच मिनिटं दोघांची मिळून तोंडी कामं. मग पंधरा मिनिटं तिसरी तुमच्यापाशी काड्यांवर, चौथी कार्डांवर. पुढची पंधरा उलट. शेवटची पाच वह्या पाहायला. कार्ड म्हणजे जाड कागदाच्या तुकड्यावर चार उदाहरणं, मागे उत्तरं. एका घटकाला २० कार्डं पुरतात. उत्तरं मागे असल्याने मुलं तपासायला तुमच्याकडे येत नाहीत. काही जण आधी उत्तर पाहतात, त्याला फार घाबरू नका. चौथ्या उदाहरणाचं उत्तर मुद्दाम लिहू नका, ते तुम्ही पाहा.

चौथीत काही जण तिसरीच्याही मागे असतात. एकाच घटकामुळे त्यांना तिसरीच्या काड्यांच्या गटात पंधरा मिनिटं बसवता येतं, आणि 'मदतीला ये' म्हणून बोलावलं की लाजही वाटत नाही.

गैरहजर आणि स्थलांतरित मुलं

केळीपट्ट्यातल्या आळीपाळीच्या गैरहजेरीला उपाय हा: प्रत्येक साखळीच्या घटकाची शेवटची तासिका नवीन काही न घेता मोकळी ठेवा, आणि वहीत मुलांच्या नावापुढे चुकलेल्या तासिकेचा क्रमांक टिपा. 'वजाबाकी ७' चुकली, एवढं लिहिलं की शनिवारी कुणाला काय द्यायचं ते ठरतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची मुलं नंदुरबार-धुळ्याकडे दरवर्षी असतात. कोण जाणार ते गावात ऑक्टोबरमध्येच माहीत असतं. नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहण्याची सोय होते का ते दिवाळीआधी पालकांशी बोला. जाणाऱ्याच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, आणि त्याच्या मागे तुमच्या अक्षरात दोन ओळी: 'हातच्याची वजाबाकी काड्यांवर येते, वहीत येत नाही. २, ५, १० चे पाढे येतात.' तिकडच्या शिक्षकाला श्रेणीपेक्षा या दोन ओळी उपयोगी पडतात. सोबत दहा पानांची वही, एका पानावर चार उदाहरणं, आणि पाढ्यांची ती २१ ची चिठ्ठी. मुलं साधारण होळीच्या सुमाराला परततात. त्यांच्यासाठी मार्चमधल्या सुट्या घटकांच्या दिवसांत रोज वीस मिनिटं वेगळी काढता येतात, म्हणूनही मार्चमध्ये साखळीचा घटक ठेवायचा नाही.

टाचण आणि नोंदी

टाचण लांबलचक नको. तारीख, घटक, तासिका क्रमांक, साहित्य, तीन गटांना काय, आणि खाली एक रिकामी ओळ. ती ओळ तासिका झाल्यावर भरायची: किती जणांना जमलं, कुठे अडलं. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी याच ओळींतून निघतात. सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळ्या वर्गाच्या नोंदी 'चांगली प्रगती आहे' अशा लिहिल्या की त्यातून पुढच्या सत्राला काहीच हाती लागत नाही.

महिनाअखेर एक हिशोब करा: ठरवलेल्या तासिका, झालेल्या तासिका. फरक चारपर्यंत असेल तर राखीव उजळणीतून भरून निघतो. त्याहून जास्त असेल तर सुटा घटक आखडता घ्या, साखळीचा नाही. मापनाच्या चौदाच्या दहा करता येतात, वजाबाकीच्या वीसच्या पंधरा केल्या तर जानेवारीत त्या व्याजासकट द्याव्या लागतात.

एप्रिलमध्ये दुसरी संकलित चाचणी झाली की एका पानावर तीन गोष्टी लिहून हजेरीपटात ठेवा: यंदाचे लाल आठवडे, कोणत्या घटकाला तासिका कमी पडल्या, आणि प्रत्येक मूल कोणत्या गटावर थांबलं. बदली झाली तरी हे पान शाळेत राहील. काड्यांचे गठ्ठे सोडून, मोजून, गोणीत भरून उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगा, आणि ट्यूबच्या रिंगा वेगळ्या डब्यात.